माशाच्या कानातले डूल

माझ्या साडूच्या घरी एक मोरे राहतात असं मी बँकेत सांगितलं, तेव्हा आमच्या हेडकॅशियरनी नोटा मोजता मोजता विचारलं, "कुठले मोरे? जावळीचे?"

मी म्हटलं, "नाही. समुद्रातले."

त्यांची मोजणी चुकली. बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं आणि त्याचा दोष अर्थातच माझ्याकडे आला. पण मी खोटं बोललो नव्हतो. साडूने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी ठेवली आहे आणि त्या पेटीत जो मासा आहे त्याला इंग्रजीत 'मोरे ईल' म्हणतात. आपल्या बाजारातल्या वाम माशाचा हा लांबचा नातेवाईक. दोन फूट लांब, अंगावर खवले नाहीत, छातीजवळचे पर नाहीत, पांढऱ्या अंगावर काळ्या नक्षीचे ठिपके. दिवसभर दगडाच्या कपारीत बसून फक्त तोंड बाहेर काढतो आणि ते तोंड सारखं उघडतो आणि मिटतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा आता चावणार. प्रत्यक्षात तो नुसता श्वास घेत असतो. तोंडातून पाणी आत ओढल्याशिवाय त्याच्या कल्ल्यांना हवा मिळत नाही. मला मात्र ते तोंड ओळखीचं वाटलं. महिनाअखेरीला काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या पेन्शनरांना मी याच चेहऱ्याने 'उद्या या' म्हणत असतो.

साडू या पेटीवर किती खर्च करतो हे माझ्या मेहुणीला माहीत नाही आणि मला माहीत आहे. कारण त्याने कर्जासाठी प्रथम माझ्याकडेच चौकशी केली होती. समुद्र घरापासून बसने अर्ध्या तासावर. पण पेटीतलं पाणी करायला मीठ येतं परदेशातून, पाकिटात. ते साध्या पाण्यात विरघळवून हा माणूस घरात समुद्र तयार करतो. आत दगडांची रास, त्यावर प्लॅस्टिकचं प्रवाळ. (खरं प्रवाळ बाळगायला आपल्याकडे वन्यजीव कायद्याची आडकाठी आहे.) वर घट्ट झाकण, झाकणावर दोन विटा, कारण या मोऱ्यांना घर सोडून जायची खोड असते आणि बोटभर फट मिळाली तरी ते बाहेर पडून जमिनीवर जीव देतात. बरोबरीला ठेवलेली कोळंबी आणि खेकडे त्याने पहिल्याच आठवड्यात संपवले होते.

तर त्याचं असं झालं, की साडू सहकुटुंब कुलदेवतेला गेला आणि चार दिवस मोऱ्यांची व्यवस्था माझ्याकडे आली. चार पानी सूचनापत्र. चिमटा किती लांब धरायचा, कोळंबी किती घालायची आणि रोज संध्याकाळी पाण्याचा खारेपणा कसा मोजायचा. त्यासाठी काचेची एक नळी होती. दुधात पाणी किती हे पाहायचा लॅक्टोमीटर असतो ना, त्याच्या घराण्यातली. ती पाण्यात सोडायची आणि १.०२५ च्या आसपास काटा आला की सुटकेचा श्वास टाकायचा. दुसऱ्या दिवशी मी ती सोडली. पण पाण्यात नाही, फरशीवर.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, एका काचेच्या नळीपायी भावजी काय तुम्हाला त्या माशापुढे टाकणार आहेत?"

ती हे सहज म्हणाली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण काच फोडली म्हणून माणसाला मोऱ्यांपुढे टाकायचा हुकूम एकदा खरोखरच सुटला होता, हे मला वाचून ठाऊक होतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. रोमन इतिहासाशी माझा संबंध तसा येऊ नये. पण सार्वजनिक वाचनालयात कादंबऱ्यांच्या कपाटापुढे नेहमी गर्दी असते आणि प्राचीन ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांपुढे कधीच नसते. गर्दी टाळायच्या नादात मी तिकडे वळलो आणि वळलेला तसाच राहिलो. तिथे मला कळलं की साडूचं वेड नवं नाही. ते एकवीसशे वर्षांचं आहे आणि त्याचं माहेर इटलीत, नेपल्सच्या आखाताच्या काठी आहे.

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात रोमच्या बड्या लोकांना समुद्रकाठी बंगले बांधायचा नाद लागला. आधी सर्जिअस ओराटा नावाच्या गृहस्थाने बाया या गावी कालवांची शेती केली. तो हिशेबी माणूस. त्यात त्याने पैसा मिळवला. मग लिसिनिअस मुरेना याने माशांचे तलाव काढले. मुरेना म्हणजे लॅटिनमध्ये आपले मोरेच. या माशाच्या प्रेमापोटी घराण्याला ते आडनाव पडलं असं रोमन लेखक सांगतात, आणि वाघ, कोल्हे, गाढवे ही आडनावं रोज पासबुकावर लिहिणाऱ्या मला त्यात नवल वाटत नाही. पुढे हिरस नावाच्या धनिकाने फक्त मोऱ्यांसाठी वेगळा तलाव बांधला. वेगळा का, तर कोलुमेला हा शेतीवरचा लेखक बजावतो की यांना इतर माशांत मिसळू नका. कुत्र्यासारखे हे पिसाळतात आणि शेजाऱ्यांचा फडशा पाडतात. साडूच्या कोळंबीने कोलुमेला वाचला असता तर बरं झालं असतं.

तलाव मात्र अक्कलहुशारीने बांधलेले असत. किनाऱ्यावरचा खडक कोरायचा किंवा पाण्याखाली घट्ट होणाऱ्या रोमन काँक्रीटच्या भिंती घालायच्या. समुद्राकडून चर खणायचे. चरांच्या तोंडाशी बारीक भोकांच्या जाळ्या बसवायच्या, म्हणजे पाणी ये-जा करील आणि मासे करणार नाहीत. भिंतीत कपारी ठेवायच्या, ऊन लागलं की माशांना सावलीला जाता यावं म्हणून. मोऱ्यांसारख्यांसाठी वाकड्यातिकड्या कपारी. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम फूटभराची, तेवढ्यावर सगळं पाणी खेळवायचं. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर असे कितीतरी तलाव अजून दिसतात. गेल्या दोन हजार वर्षांत समुद्र किती चढला हे शास्त्रज्ञ त्यांच्या भिंती आणि चर मोजून ठरवतात. ज्यांनी पैसा पाण्यात घातला त्यांच्या पैशाचा एवढा तरी उपयोग झाला.

लुकलस याने तर समुद्राचं पाणी आत आणण्यासाठी नेपल्सजवळ डोंगर फोडला. खुद्द बंगल्यापेक्षा त्याला जास्त खर्च आला. पाँपीने त्याला 'टोगा घातलेला झर्क्सिस' असं नाव ठेवलं. कारण इराणच्या त्या बादशहानेही स्वारीच्या वाटेवर डोंगराआडून कालवा खणला होता. फरक एवढाच, की झर्क्सिसला कालव्यातून आरमार न्यायचं होतं आणि याला मासे.

या सगळ्याचा हिशेब ज्याने ठेवला तो माझा लाडका लेखक म्हणजे व्हॅरो. त्याने वयाच्या ऐंशीव्या वर्षी शेतीवर तीन खंड लिहायला घेतले. तिसऱ्या खंडात माशांचं प्रकरण आहे आणि त्याची मांडणी तर आपल्याकडचीच वाटते. रोममध्ये निवडणूक चालू आहे, मतमोजणी व्हायची आहे, ऊन रणरणतंय, आणि चार पुढारी सावलीत बसून निकालाची वाट पाहत पक्षी आणि मासे पाळण्यावर गप्पा मारताहेत. गप्पा मारणाऱ्यांत एकाचं आडनाव पावो आणि दुसऱ्याचं पासेर. पावो म्हणजे मोर आणि पासेर म्हणजे चिमणा. म्हणजे आपल्याकडचे मोरे आणि चिमणे यांच्यापैकीच. मध्येच आरडाओरडा होतो; पेटीत खोटी मतं टाकताना कोणीतरी पकडला जातो. पुढारी जरा चुकचुकतात आणि पुन्हा पक्ष्यांकडे वळतात.

व्हॅरो म्हणतो की तलाव दोन प्रकारचे, गोडे आणि खारे. गोड्या पाण्याचे तलाव सामान्य माणसाचे आणि ते गोड असतात, कारण त्यांत चार पैसे सुटतात. खाऱ्या पाण्याचे श्रीमंतांचे आणि ते कडू असतात. डोळ्यांना सुख आणि थैलीला भोक. बांधायला खर्च, भरायला खर्च, पोसायला खर्च. शब्दांवरची ही कोटी इंग्रजी भाषांतरकाराला तळटीप देऊन समजवावी लागली होती. मराठीत तिला तळटीप लागत नाही. आपलंही पाणी गोडंच असतं. कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा उतारा वाचून दाखवावा असं मला फार वाटतं. पण मॅनेजर ऐकणार नाहीत.

व्हॅरोचा मित्र हॉर्टेन्सिअस हा सिसेरोच्या खालोखाल मोठा वकील. बाउली या गावी याचे तलाव होते. व्हॅरो त्याच्याकडे जेवायला जात असे, आणि त्या तलावांच्या मालकाकडे जेवणात जो मासा वाढला जाई तो पुतिओलीच्या बाजारातून विकत आणलेला असे. स्वतःचे मासे खायचे नाहीत. उलट त्यांना स्वतः खाऊ घालायचं. त्यांच्यासाठी लहान मासळी धरायला कोळी पगारी ठेवलेले. समुद्र खवळला आणि जाळी टाकता आली नाहीत तर बाजारातून खारवलेली मासळी विकत आणायची. त्याच्याकडे गाडीची खेचरं मागितली तर मिळतील पण तलावातला एक मासा मिळणार नाही, असं व्हॅरो म्हणतो. आणि जाता जाता आणखी एक वाक्य टाकतो, ते मी पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. हॉर्टेन्सिअसला आजारी माशाची काळजी आजारी गुलामापेक्षा कमी नसे. गुलामाने गार पाणी प्यायलं तर त्याला फिकीर नसे. माशांना ताजं पाणी मिळावं याची असे.

हिरसची गोष्ट तर प्रत्येक बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवण्याजोगी आहे. याच्या तलावांभोवती इमारती होत्या आणि त्यांचं भाडं येत असे. ते सगळं भाडं माशांच्या पोटात जात असे. पुढे सीझरने विजयाच्या मेजवान्या घातल्या, रोमच्या सगळ्या जनतेला पानं मांडली. मोरे कमी पडले. सीझरने हिरसकडे मागितले. हिरस म्हणाला, विकणार नाही; पैसे नकोत, बदल्यात दुसरी वस्तूही नको; उसने देतो. वजनावर नेले, वजनावर परत करा.

आता बघा, ही कर्जाची केस आहे. मुद्दल: मोरे, वजनाने. तारण: नाही. जामीनदार: नाही. व्याज: नाही. कर्जाचा उद्देश: खाणे. म्हणजे मुद्दल कर्जदाराच्या पोटात गेलेलं आणि कर्जदार डिक्टेटर! असा अर्ज आमच्या शाखेत आला असता तर आम्ही... मंजूर केला असता. डिक्टेटरला नाही कोण म्हणतो? परतफेडीची नोंद ना व्हॅरोकडे सापडते ना प्लिनीकडे, आणि इ. स. पू. ४४ च्या मार्चमध्ये कर्जदाराचा जो शेवट झाला तो पाहता खातं बुडीत धरायला हरकत नाही.

शिवाय आकडा जुळत नाही. व्हॅरो म्हणतो, मोरे दोन हजार दिले, मला आठवतंय. प्लिनी म्हणतो, सहा हजार. प्लिनी जन्मला सीझरनंतर साठेक वर्षांनी. मी व्हॅरोच्या बाजूचा. एक तर तो त्या काळात हजर होता. आणि दुसरं म्हणजे, माशाच्या गोष्टीतला आकडा जितका जुना होतो तितका वाढतो हा कोकणातलाही अनुभव आहे. हिरसचा बंगला विकला गेला तेव्हा त्यातल्या माशांमुळे किंमत आली ४० लाख सेस्टर्स, याबाबत मात्र दोघांचं एकमत आहे. त्या काळच्या साध्या सैनिकाला वर्षाला ९०० च्या घरात पगार. मी कागदावर भागाकार करून पाहिला. साडेचार हजारांना थोडे कमी एवढ्या सैनिकांचा वर्षाचा पगार झाला.

सिसेरो या मंडळींना 'पिस्किनारी' म्हणत असे. म्हणजे तळेवाले. इ. स. पू. ६० च्या सुमारास मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने यांच्यावर फार राग काढला आहे. राज्य बुडायची वेळ आली, सत्ता दोन-तीन माणसांच्या मुठीत चालली, आणि ज्यांनी सिनेटमध्ये उभं राहून बोलायचं ते लोक तळ्यातला मासा हातातून खायला लागला की आभाळाला बोट लागल्यासारखे खूश. राज्य गेलं तरी तळी राहतील अशी या शहाण्यांची समजूत दिसते, असं तो लिहितो. हॉर्टेन्सिअस इ. स. पू. ५० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली. आणि गंमत अशी की राज्य खरोखरच गेलं आणि तळी खरोखरच राहिली. सिसेरोचं मस्तक मात्र इ. स. पू. ४३ मध्ये कापून फोरममध्ये टांगलं गेलं. म्हणजे शहाणा कोण ठरला हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे झालं पैशाचं. प्रेमाचं प्रकरण याहून अवघड आहे.

क्रॅसस नावाचा एक मोठा वक्ता होता. (श्रीमंतीसाठी प्रसिद्ध असलेला क्रॅसस तो वेगळा, हा त्याच्या आधीचा, सिसेरो ज्याला गुरू मानी तो.) इ. स. पू. ९२ मध्ये तो सेन्सॉर झाला. सेन्सॉर म्हणजे लोकांच्या चालीरीतींवर आणि उधळपट्टीवर नजर ठेवणारा अधिकारी. याच्या तलावातला एक मोरे त्याचा आवाज ओळखून यायचा आणि हातून खायचा. क्रॅससने त्याला मुलीसारखे डूल आणि गळ्यातले दागिने घातले होते असं ईलियन लिहितो. (लेखकाचं नाव खरंच ईलियन आहे. मी जुळवलेलं नाही.) तो मोरे मेला, तेव्हा क्रॅससने सुतकाचे काळे कपडे घातले, त्याला पुरलं आणि रडला. दुसरा सेन्सॉर डोमिशिअस, त्याचं आणि याचं हाडवैर, तो भर सभेत म्हणाला, "मासा मेला म्हणून रडतोस?" क्रॅसस म्हणाला, "रडलो खरा. तू तीन बायका पुरल्यास, एकदाही रडला नाहीस."

ही गोष्ट मी घरी सांगितली. बायको म्हणाली, "बरोबर बोलला." पुढे बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हापासून ही गोष्ट मी घरी सांगत नाही.

पुढे बाउलीचा तो हॉर्टेन्सिअसचा बंगला राजघराण्यात आला आणि तिथे अँटोनिया राहू लागली. अँटोनिया म्हणजे क्लिओपात्रावाल्या मार्क अँटनीची मुलगी, सम्राट क्लॉडिअसची आई आणि कॅलिग्युलाची आजी. सभ्य, पतिव्रता म्हणून नावाजलेली बाई. तिनेही एका लाडक्या मोऱ्याला डूल घातले आणि ते पाहायला लोक मुद्दाम बाउलीला जाऊ लागले.

आता अडचण अशी, की मोऱ्याला कान नसतात. साडूच्या पेटीपुढे मी स्टूल घेऊन अर्धा तास बसलो आणि डूल अडकवायचे कुठे याचा अभ्यास केला. डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्याचं एकेक गोल भोक असतं. अडकवायचे तर तिथेच. पण अंग बुळबुळीत, साबणाच्या वडीसारखं. हातात ठरत नाही. आणि तोंडात मागे वळलेले दात, धरलेलं निसटू नये अशा बेताचे. अँटोनियाचा मासा भूमध्य समुद्रातला, चार-पाच फुटांपर्यंत वाढणाऱ्या जातीचा. (लिनिअसने १७५८ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव देताना त्यात 'हेलेना' घातलं. आमच्या पिढीला हेलन म्हटलं की जे आठवतं ते पाहता कमरेच्या लवचिकपणाबद्दल तक्रार नाही.) अशा माशाला धरून त्याच्या कल्ल्यात सोन्याचा आकडा घालणारा हात सम्राटाच्या आईचा असेल हे काही मला पटत नाही. बाईंनी डूल काढून दिले असतील. पाण्यात उतरलं असेल दुसरंच कोणीतरी.

हा 'दुसरा कोणीतरी' एकदाच इतिहासात पुढे येतो. तेवढ्यापुरताच.

वेदिअस पोलिओ हा ऑगस्टसचा श्रीमंत मित्र. याचा बाप एके काळी गुलाम होता आणि पुढे मुक्त झाला होता, हे ध्यानात ठेवा. नेपल्सजवळ याचा बंगला, नाव पाउसिलीपोन. ग्रीकमध्ये अर्थ होतो, दुःखाचा शेवट. आपल्याकडे बंगल्यांना 'श्रमसाफल्य' वगैरे नावं देतात तसंच. चुकलेल्या गुलामांना मोऱ्यांच्या तलावात टाकायचं अशी याची रीत. प्लिनी लिहितो की जमिनीवरची श्वापदं काही कमी नव्हती. पण माणूस एकाच वेळी सगळीकडून फाटताना पाहायची सोय दुसऱ्या कुठल्या जनावराकडे नव्हती.

एकदा ऑगस्टस जेवायला आला होता. वाढणाऱ्या गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला पडला. पोलिओने हुकूम सोडला, टाका याला मोऱ्यांपुढे. गुलाम धरणाऱ्यांच्या हातून निसटला आणि त्याने सम्राटाचे पाय धरले. काय मागितलं? सेनेका लिहितो की त्याने जीव मागितला नाही. मरण दुसऱ्या कुठल्याही प्रकाराने यावं, माशाचं खाद्य होऊन नको, एवढंच मागितलं.

मी लेजर लिहिणारा माणूस आहे. लिहिलेल्या ओळीवर फार वेळ थांबायची मला सवय नाही. पण इथे थांबलो होतो. मागणी किती असावी हे माणूस समोरच्याकडे शिल्लक किती आहे ते पाहून ठरवतो. त्या गुलामाने सम्राटासकट सगळ्या पंगतीचा जमाखर्च पाहिला होता आणि एवढीच रक्कम निघेल असा त्याचा अंदाज होता.

तो चुकला. ऑगस्टसने त्याला सोडायला लावलं. मग घरातले सगळे स्फटिकाचे पेले आणायला सांगितले आणि स्वतःदेखत एकूणएक फोडायला लावले. आणि तो तलाव बुजवायला लावला. डिओ कॅसिअसही हीच हकिगत देतो आणि म्हणतो की मित्र आधी समजावून ऐकेना, तेव्हा सम्राटाने ही युक्ती केली. एक पेला फोडल्याबद्दल शिक्षा देणाऱ्याने आता शिक्षा कोणाला द्यायची?

ऑगस्टसचं यात कौतुक करावं, आणि मी केलंही. पण दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, हे पेले फोडले कोणी? फोडल्यावर काचा गोळा कोणी केल्या? तलाव बुजवायला दगडमाती कोणी वाहिली? आणि मैत्री काही तुटली नाही. इ. स. पू. १५ मध्ये पोलिओ वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात ऑगस्टसच्या नावे मोठा वाटा होता, पाउसिलीपोन बंगल्यासकट. माझ्या नावाने रोममध्ये काहीतरी लोकोपयोगी बांध, असंही पोलिओने लिहून ठेवलं होतं. ऑगस्टसने त्याचा रोममधला वाडा जमीनदोस्त केला, त्या जागेवर लोकांसाठी देखणा खांबांचा मंडप बांधला आणि नाव दिलं आपल्या बायकोचं, लिव्हियाचं. मृत्युपत्राची अंमलबजावणी या प्रकारेही करता येते, हे मी आमच्या डिपॉझिट खात्यातल्या मंडळींना अजून सांगितलेलं नाही.

मोऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द सांगायला हवेत, कारण बदनामी त्यांची झाली. हा मासा लाजाळू आहे. कोणी कपारीत हात घातला तर चावतो, एरवी माणसाच्या वाटेला जात नाही. नजर अधू, सगळा कारभार वासावर. त्याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या दातांनी भक्ष्य धरलं की ती आतली जोडी सरसावून पुढे येते आणि त्याला घशात ओढते. हे नेमकं कसं चालतं ते रिटा मेहता आणि पीटर वेनराइट या दोघांनी कॅलिफोर्नियात वेगवान कॅमेऱ्याने टिपून २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. अरुंद कपारीत तोंड पसरून पाणी ओढायला जागा नसते, त्यावर निसर्गाने काढलेली ही तोड. पोलिओला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला तलावाच्या काठावरून जेवढं दिसायचं तेवढं पुरत होतं.

या सगळ्या नोंदींत एक नोंद उरली, ती मला कुठल्या खात्याला टाकावी कळत नाही. पाउसिलीपोनच्या तलावात पोलिओने स्वतःच्या हाताने सोडलेला एक मासा साठ वर्षांनी मेला. त्याच्या बरोबरीचे, त्याच जातीचे दोन तेव्हाही जिवंत होते. हे प्लिनी सांगतो, आणि लिहून कोणी ठेवलं होतं म्हणून सांगतो? सेनेकाने. ज्याने गुलामाची हकिगत लिहिली त्याच सेनेकाने. माशाचं वय साठ, हे त्याला माहीत होतं. आणि पाय धरणाऱ्या त्या पोराचं नाव? सेनेकाने दिलेलं नाही. डिओनेही नाही. क्रॅससचा मोरे हाक मारली की यायचा, म्हणजे त्यालासुद्धा बहुधा नाव असणार.

चौथ्या दिवशी संध्याकाळी साडू आला. मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. बॅगा दाराशीच टाकून तो सरळ पेटीकडे गेला, वाकला, कपारीत डोकावला. मोऱ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग साडू म्हणाला, "दादा, जेवतोय ना हा नीट?"

मी म्हटलं, "जेवतोय. पण ती नळी... माझ्या हातून फुटली."

तो काही बोलला नाही. त्याने नुसतं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे पाहिलं आणि झाकणावरची एक वीट उचलली.

"अरे, उपाशी असेल बहुतेक," तो म्हणाला. "तुम्ही जरा अलीकडे व्हा."

मी अलीकडे झालो. थेट जिन्यापर्यंत.